काटा स्थिर राहीपर्यंत

मार्चमधल्या एका सोमवारी दुपारपासून मंगळवारी दुपार कलेपर्यंत गेवराई तालुक्यात गोदावरीच्या एका टप्प्यात होड्या बंद होत्या. नव्या पुलाच्या पाइलची भारचाचणी चालू होती.

पाइल म्हणजे नदीच्या तळाखाली खडकापर्यंत उतरवलेला काँक्रीटचा खांब. बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे तिथे पाणी खोल आहे. खांबाभोवती टेकूंवर लोखंडी माचा होता, माच्यावर काँक्रीटचे ठोकळे. खांब आणि माचा यांच्यामधला जॅक वरच्या वजनाला रेटत होता आणि तेवढ्याच जोराने खांब खाली दाबला जात होता. खांब किती खचला, हे शेजारच्या तुळईवर बसवलेला काटा दाखवायचा. होडीची लाटही त्याला कळायची.

मंगळवारी सकाळी मी बातमीसाठी गेलो. माच्याकडे फळ्यांची वाट जात होती त्या धक्क्यावर गेवराईचा एक फळविक्रेता उभा होता, त्याचा रिकामा टेम्पो काठावर. रमजान चालू होता. त्याची पिकलेली खरबुजं पलीकडे होडीत भरून आदल्या दिवसापासून अडकली होती. आणखी एक दिवस ती टिकणार नव्हती.

"मॅडम, खांब किती खचला?" त्याने इंजिनिअर बाईंना विचारलं.

"अजून काही नाही, मामू."

"त्यो जागचा हलंना, तिकडं माझा माल सडायलाय. मग होडी कावून अडवली?"

"लाटेनं काटा हलला तर सगळं पहिल्यापासून."

दुपारी वारा पडला. ठोकळ्यांचं प्रतिबिंब पाण्यात इतकं स्वच्छ उतरलं की माचा कुठे संपतो ते दिसेना. पलीकडची होडी हवेत टांगल्यासारखी वाटत होती. सगळे हळू बोलत होते, पाण्याखाली कुणी झोपलं असावं तसे.

मग काटा सरकला. बाईंनी तुळईला हात लावला. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर टाकलेलं हिरवं कापड ढळलं होतं आणि लोखंड तापलं होतं. खांब खचला की तुळई तापून वाकली, हे सावली केल्याशिवाय कळणार नव्हतं.

फळविक्रेत्याने टेम्पोवरची ताडपत्री सोडून आणली.

"हे धरा. पहिल्यापासून तेवढं म्हनू नका."

मजुरांनी ती तुळईवर बांधली. काही वेळाने काटा पूर्वीच्या जागी आला आणि तिथेच राहिला.

दुपार कलताना भार उतरवला, होड्या सुटल्या. खरबुजांची होडी अलीकडे लागली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. रोजा सोडायची अजान झाली तेव्हा टेम्पो वाटेतच होता, असं फळविक्रेत्याने नंतर फोनवर सांगितलं. माल गेवराईला पोचण्याआधीच तलवाड्याच्या फाट्यावर विकला गेला.