फुनाबोरीतला नागरिकशास्त्राचा वर्ग

रेवती, मिहीर, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नलूआजी गेल्या, मग वर्ग बंद होणार का?" मी उत्तर ठाऊक असूनही "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. टोरांटोला जाण्याआधी दोन वर्षं तुम्ही त्या वर्गात बसलात, तेव्हा तुम्हाला नीट उत्तर द्यायला हवं. त्याआधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे, म्हणून लिहिते आहे.

बातमी त्यांच्या मुलाने सकाळी कळवली. "काकू, आई गेली." आठवडाभर न्यूमोनियाने रुग्णालयात होत्या, त्यामुळे धक्का असा बसला नाही. कुठले कागद लागतील, कोणाकोणाला कळवायचं, हे मी त्याला विचारलं आणि यादी केली. मला अशा वेळी याद्याच सुचतात...

नलूताई पुण्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे इथे जपानमध्ये, फुनाबोरीला आल्या. इथल्या आपल्या मुलांना शनिवारी सकाळी शिकवायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा इथल्या सार्वजनिक हॉलमधल्या छोट्या खोलीचं बुकिंग, हजेरी आणि पालकांना निरोप ही कामं मी घेतली. पहिला तास तुम्हाला आठवत असेल. सरकार कशाला हवं, असं विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, "इमारतीखाली कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी कोण घालतं? कोणीच घातली नाही तर?" मिहीर म्हणाला होता, "कावळ्यांचं राज्य येईल!" मग जाळी घालण्याची पाळी सगळ्यांवर सारखी असावी, की ज्याचा कचरा जास्त त्याच्यावर? म्हाताऱ्यांना सूट द्यावी का? सक्तीच नको, असं कोणी म्हटलं तर? तासभर तुम्ही भांडलात आणि शेवटी त्या म्हणाल्या, "झालं. मोठी माणसं या भांडणांना समाजवाद, उदारमतवाद अशी नावं देतात." नियम एकच होता. दुसऱ्याची बाजू त्याला पटेल अशी आधी मांडायची, मगच विरोध करायचा.

पुढचं तुम्ही गेल्यानंतरचं. सईचे बाबा प्रसाद मला स्टेशनवर भेटले. "काकू, सई घरी कर आणि समानतेवर वाद घालते. मुलांना डावं करताय का तुम्ही?" दुसऱ्या एका आईची तक्रार बरोबर उलटी होती. चार मुलं वर्ग सोडतील अशी चिन्हं दिसली. त्या संध्याकाळी मी सर्व पालकांना मेसेज पाठवला: यापुढे वर्गात फक्त शासनाची कामं शिकवली जातील, विचारसरण्या नाहीत. नलूताईंना मी विचारलं नाही.

त्यांचा फोन आला. "शालिनीताई, हे कोणी ठरवलं?"

"वर्ग वाचायला हवा ना."

"गाडी कशी चालवायची ते शिकवायचं आणि कुठे न्यायची ते बोलायचं नाही, असंच ना? बरं. शनिवारी येते."

शनिवारी त्यांनी माझा मेसेज मुलांना वाचून दाखवला. "एका माणसाने सगळ्यांसाठी परस्पर ठरवलं. याला काय म्हणतात?"

"हुकूमशाही!" मुलं ओरडली. मी मागे हजेरीची वही घेऊन बसले होते.

"हसू नका. आता शालिनीआजींची बाजू मांडा. त्यांना पटली पाहिजे."

बारा वर्षांची सई उठली. "आजींना भीती वाटली. आईबाबांनी आम्हाला काढून घेतलं तर खोलीत फक्त खुर्च्या उरतील. मग नलूआजी काय करणार?" माझ्याकडे वळून तिने विचारलं, "बरोबर सांगितलं का?"

मी हो म्हणाले. इतकं नीट मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. नंतर तिनेच माझ्या निर्णयाविरुद्ध बोलून मत मागितलं आणि सगळे हात वर झाले. पालकांनी एकदा येऊन बसावं, असंही ठरलं. पुढच्या शनिवारी प्रसाद आले, तर त्यांना न आवडणारी बाजू मुलांनी त्यांच्याच वाट्याला दिली. "अगं, हे मी नाही बोलणार." सई अर्धं जपानीत म्हणाली, "झुरुई! बाबा, हे चीटिंग आहे." ते बोलले, अडखळत... पण बोलले. सई वर्गात राहिली, बाकीची तिघंही राहिली.

नलूताईंनी त्या मेसेजचा विषय पुन्हा काढला नाही. मी चुकले, असं मीही त्यांना कधी म्हणाले नाही. त्यानंतरच्या तीन वर्षांत म्हणायला पुष्कळ शनिवार होते.

त्या गेल्यावर पालकांनी मला विचारलं, आता काय करायचं? या वेळी मी आधी मुलांना विचारलं. वर्ग हवा, असं त्यांनी ठरवलं. सई आता हायस्कूलमध्ये आहे, ती शिकवते. बुकिंग मी करते. गेल्या शनिवारी नऊ मुलं आली होती.