मायचा नापास तागा

आमच्या लातूर भागात एका पत्र्याच्या शेडमध्ये झेंड्याची खादी विणली जायची. माझी माय तिथं मागावर बसायची आणि मी भिंग लावून कापड तपासायची. मायलेकी एकाच शेडमध्ये, म्हणून बाया कुजबुजायच्या, हिचं काय, सगळंच पास! ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

झेंड्याची खादी म्हणजे गंमत न्हाई. ठरलेल्या जागेत ठरलेलेच धागे पाहिजेत. मायच्या बापानं निजामाच्या राज्यात तिरंगा लावला म्हणून पाठ सोलून घेतलेली. दिल्लीत झेंडा फडकला तरी इथं त्याला बंदीच होती. त्यामुळं माय चप्पल बाहेर काढून मागावर बसायची.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मला ठाऊक होतं, घरी तिनं निवडलेल्या तांदळात खडे राहायला लागले होते. तरी मी मूग गिळून बसले. एका दुपारी सगळ्या बायांसमोर मी तिनं विणलेला तागा पसरला, भिंग ठेवलं अन् म्हटलं, "दोन धागे कमी हायत. चालत न्हाई."

तिनं कापडावरून बोट फिरवलं अन् बरोबर तिथंच थांबली.

"हाव, चुकलंय. ऑपरेशन करून घेते गं पोरी. तवर माझा माग दुसरीला देऊ नको."

मी शेडच्या साहेबांना सांगून तिला त्याच दिवशी मागावरून उठवलं. बायांची तोंडं बंद झाली. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. ऑपरेशन झालं, डोळे स्वच्छ झाले, पण तोवर मागावर दुसरी बसली होती. मायसाठी मी शब्दसुद्धा टाकला न्हाई.

पुढं झेंड्याचा नियम बदलला, मशीनचं पॉलिस्टरही चालायला लागलं. यंदा ऑगस्टात ग्रामपंचायतीचा माणूस घरोघर झेंडे वाटत आला. मायनं आमच्या वाटचा झेंडा मांडीवर पसरला. चक्र एका बाजूला सरकलेलं, शिलाई वाकडी.

"हे कुणी पास केलं?" तिनं विचारलं.

"आता कोण बघतंय, आजी!" तो हसत पुढच्या घरी गेला.

मायनं माझ्याकडं बघितलं. "मग मला का उठवलंस गं?"

मला कारण माहीत होतं. मी तिच्या हातातला झेंडा ओढून घेतला.

"दे इकडं," म्हटलं, "मळवशील."