दत्तूच्या दगडावर काय कोरायचं

माझ्याबद्दल नाशकात एकच मत आहे: ग्रंथालयातली बाई तुसडी. असू दे. पानांचे कोपरे दुमडून, आमटीचे डाग पाडून आणलेली पुस्तकं एकतीस वर्षं परत घेत बसलं की कोणाचं बोलणं गोड राहतं? पण बुधा भोयेशी मी गोड बोलले. खोटं बोलले, आणि फार गोड बोलले.

१९९२ साल असेल. एका गुरुवारी सकाळी एक म्हातारा दारात चपला काढून आत आला. आमच्याकडे चपला कोणी काढत नाही, उलट चिखलाचे पाय घेऊन थेट मासिकांच्या टेबलापर्यंत येतात.

"बाबा, हे देऊळ नाही," मी म्हटलं.

"पुस्तकं हायत ना?" तो म्हणाला आणि अनवाणीच माझ्यापर्यंत आला.

कॉलेज रोडच्या बंगल्यांमध्ये तो माळीकाम करायचा. गाव कळवणच्या पश्चिमेला, डोंगरात. चौथीपर्यंत शिकलेला, बोट ठेवून मराठी वाचायचा. गुरुवार त्याच्या सुट्टीचा.

"लंकेचं पुस्तक पाह्यजे," तो म्हणाला.

नाशिकच्या माणसाला लंका म्हटलं की दुसरं काय सुचणार? मी रामायणाच्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्यानं मान हलवली.

"ती नाय. आताची. माझा पोऱ्या मारला गेला तिथं."

मग उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. मुलाचं नाव दत्तू. पायदळात होता. १९८७ साली आपली फौज श्रीलंकेत गेली, तीत तोही गेला. ऑक्टोबरात तार आली, मागून अस्थी आणि एक काळी ट्रंक आली. घरी सून संध्या आणि चार महिन्यांची नात, पल्लवी. कागदावर एकच ओळ होती: तारीख, आणि उत्तर श्रीलंकेत कर्तव्यावर असताना मृत्यू. सैनिकांच्या कचेरीतल्या कारकुनानं त्याला बसवून पाणी दिलं, फाइल उघडून दाखवली. फाइलमध्येही तीच ओळ.

"आमच्या गावात मेल्या माणसाचा दगड बसवत्यात, बाई," बुधा म्हणाला. "कसा गेला ते त्यावर कोरायचं. वाघानं नेला तर वाघ. पुरात गेला तर पानी. पाच वरसं झाली, दगड अंगणात आडवा पडलाय. कोरनारा इचारतो, तुझा पोऱ्या काय करत व्हता? मी काय सांगू?"

"आणि दगड उभा नाही केला तर?"

"पोऱ्याचा जीव घरी येत नाय. माझी झुंबरबाई रोज सांजेला त्याचं ताट वाढती आन् मंग गायीला घालती." माझ्यामागच्या कपाटांकडे बघत तो म्हणाला, "एवढी मोठी लढाई झाली. पुस्तक आसंलच की."

मी म्हटलं, बघते. मला वाटलं, चार दिवसांचं काम आहे.

कसचं काय! पानिपतावर मागाल तितकी पुस्तकं. कपाट कमी पडेल. पण हजारावर आपली माणसं ज्या देशात कालपरवा मेली, त्या देशावर मराठीत माझ्या हाताला काही लागेना. कोशात नोंद सापडली: चहा, नारळ, मोती, लोकसंख्या. लढाईच्या दहा वर्षं आधीच नोंद संपलेली. पुण्याला लग्नाला गेले होते, तिथली दुकानं पालथी घातली; एकानं बौद्ध तीर्थयात्रेचं प्रवासवर्णन काढून दिलं. मुंबईला पत्रं टाकली. आमच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "कोण वाचणार आहे ते? त्यापेक्षा पाककृती मागवा." मी त्यांना जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

बुधा मात्र दर गुरुवारी यायचा. "मिळालं?" नाही म्हटलं की राग नाही, तक्रार नाही. वर्तमानपत्रात लंकेची बातमी असली तर बोट ठेवून वाचायचा आणि चपला घालून जायचा. त्यानं एकदा तरी आदळआपट करावी असं मला वाटायचं. आपणच नालायक ठरतो ना, समोरचा इतका समजूतदार असला की.

सव्वा वर्षानं देवळाली कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे पुस्तक सापडलं. इंग्रजी, निळ्या बांधणीचं, तिथं लढलेल्या एका अधिकाऱ्यानंच लिहिलेलं. दोन प्रकरणं वाचून कळलं की पुस्तक चांगलं आहे. माणूस कोणाची भीड न ठेवता खरं लिहीत होता. हाच तर घोळ झाला.

दर गुरुवारी मी बुधाला दहा-बारा पानं मराठीत सांगू लागले. शब्दकोश मांडीवर. त्याचे प्रश्न वेगळेच असायचे. तिकडं भात पिकतो का? पिकतो. ताडाची झाडं आहेत? पुष्कळ. "मंग लोकं आपल्यावानीच," तो म्हणायचा. आपली फौज तमिळांच्या रक्षणाला गेली आणि शेवटी तमिळ बंडखोरांशीच लढत बसली, हे त्यानं मला तीनदा सांगायला लावलं.

"म्हंजी दोघांचं भांडान सोडवाया गेला, आन् मारही त्यालाच," तो म्हणाला. मी पुढचं पान उघडलं.

एका बुधवारी दुपारी पुढची पानं वाचताना ती तारीख आली. पान एकशे बारा. चार ओळी होत्या. दत्तूच्याच पलटणीची एक तुकडी एक रस्ता राखायला पाठवली होती. तीत काही जवान कामी आले. दोन दिवसांनी हुकूम बदलला आणि रस्ता सोडून देण्यात आला. या मरणांनी काहीही साधलं नाही, असं लेखकानं लिहिलं होतं. पुढं लगेच दुसरं प्रकरण.

माझी चूक अशी की मागच्या गुरुवारीच मी त्याला सांगून बसले होते, पुढच्या वेळी दत्तूची तारीख येईल.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून आला. बरोबर झुंबरबाई. पहाटेची एसटी धरून ती गावाहून आली होती. दोघं बाकावर बसले. ती पुस्तकाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी पान उघडलं. रस्त्याचं सांगितलं, तुकडीचं सांगितलं आणि अडले.

"काय राखत व्हता तो?" झुंबरबाईनं विचारलं.

समोरच्या पानावर नकाशा होता. रस्त्याच्या कडेला शाळेची बारीकशी खूण होती. देवाशपथ, ती खूण होती.

"शाळा," मी म्हणाले. "आत मुलं अडकली होती. दत्तूच्या तुकडीनं ती बाहेर काढली. मग तो गेला."

"पोरं वाचली?"

"सगळी."

"किती व्हती?"

"अठ्ठावीस," मी म्हणाले. आकडा कुठून आला ते मला आजही माहीत नाही. झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. बुधा बोटांची पेरं मोजत अठ्ठावीसपर्यंत गेला, मग परत एकदा गेला. मी पुस्तक मिटलं. त्या क्षणी "थांबा, चुकलं माझं" म्हणता आलं असतं. मी चहा मागवला.

दगड पुढच्या उन्हाळ्यात उभा राहिला. मला बोलावणं होतं. मी तापाचं निमित्त केलं. बुधा स्वतः नागलीच्या भाकरी घेऊन आला आणि म्हणाला, दारात बंदूकवाला उभा कोरलाय, मागं शाळा, खाली पोरांची बारीक बारीक डोकी, बरोब्बर अठ्ठावीस. ताट वाढणं बंद झालं, झुंबरबाई आता झोपते. हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चांगली दहा-बारा वर्षं बरंच वाटत होतं. झुंबरबाई समाधानानं गेली. बुधाला दिसेनासं झालं तसा तो काम सोडून गावी गेला. लंकेतली लढाई थांबायची, परत पेटायची. त्या बातम्या आल्या की मी पान उलटायची.

२००६च्या जुलैमध्ये एक मुलगी आली. पाठीला सॅक, केस भिजलेले.

"मी पल्लवी भोये. बुधा भोयेंची नात. इथं कॉलेजला आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आजानं सांगितलंय, तुमच्याकडे बाबांचं पुस्तक आहे."

"ते इंग्रजीत आहे," मी म्हणाले. काय मूर्ख उत्तर!

"मला येतं वाचता. कोणतं पान?"

खोटं सांगता आलं असतं, पुस्तक हरवलं म्हणून. पण एकदा बोललेल्या खोट्यानं माझा दम संपवला होता. मी पुस्तक काढून दिलं आणि पान सांगितलं. तिनं चार ओळी वाचल्या. परत वाचल्या. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं.

"बाई, शाळा कुठंय?"

मी नकाशावरची खूण दाखवली. मग सगळं सांगितलं. तिच्या आजीचं बाकावर बसणं, तिचा प्रश्न, माझं उत्तर. ती रडली नाही, ओरडलीही नाही. आजासारखीच. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी तिची आभारी झाले असते.

"मी रोज शाळेत जाताना त्या दगडापाशी थांबायचे," ती म्हणाली. "अठ्ठावीस जणांना मी नावं ठेवली होती. आता ती पोरं माझ्यापेक्षा मोठी असतील. मला वाटायचं, त्यातल्या एकाला तरी बाबा आठवत असतील. मला तर काहीच आठवत नाही ना."

मी म्हटलं, चुकलं माझं. तेरा वर्षं उशिरा म्हटलं, त्याचा काय उपयोग?

"आजाला हे सांगायचं का?" तिनं विचारलं.

"तू म्हणशील तसं. मी येते गावी. मी सांगते."

"नको." तिनं पुस्तक मिटलं, पण खाली ठेवलं नाही. "तो ओट्यावर बसून असेल. निघताना म्हणाला, त्या शाळेचा पत्ता लिहून आण. मरायच्या आधी एकदा पोरांची खुशाली विचारतो."