पडद्यामागचा करमुक्त खेळ

दारव्ह्याच्या टुरिंग टॉकीजच्या दारावर मी माझ्या बापाला ओळख दिली नाही. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

एकोणीसशे साठ उलटून गेलं होतं. तंबूच्या दारावर तिकिटं फाडायची नोकरी मी मिळवली ती जात चोरून. माझं गाव लांब, मारेगावकडचं. इथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. तंबूत पडदा मधोमध असे. पुढं गाव बसे, मागं आमचे लोक. मागून चित्र उलटं दिसतं, पाट्या वाचता येत नाहीत. अस्पृश्यताबंदीचा कायदा झालेला होता, पण तो तंबूत शिरत नसे.

त्या आठवड्यात मुंबईच्या एका बड्या कंपनीचा सिनेमा लागला. विहिरीवरची अस्पृश्यता जावी म्हणून काढलेला, म्हणून सरकारनं त्याला करमणूक कर माफ केलेला. तिकीट मात्र एका पैशानं उतरलं नाही. सुटलेला कर कंपनी आणि मालकाच्या घशात गेला. आमच्या वस्तीनं विहीर मागितली तेव्हा याच सरकारकडं पैसा नव्हता. पडद्यावरच्या विहिरीसाठी बरा निघाला! आजही आठवलं की डोकं फिरतं.

पहिल्याच संध्याकाळी दारव्ह्याची चार-पाच बौद्ध पोरं दारावर अडून उभी राहिली.

"पुढचीच तिकिटं पायजे."

मालक खुर्चीवरून उठला. "काहून बे? रीत मालूम नाही का?"

"सरकारनं सोडला तो कर तुमच्या घरचा व्हता का? त्यात आमचाबी हिस्सा हाय. आज आमी पुढं बसतो."

"कायदा मले नोको शिकवू. उद्या गावानं तंबू पेटवला तर तुहा कायदा इझवाले येईन का?"

तेवढ्यात गर्दीतून बाप आला. आपल्या लोकांवरचा सिनेमा आहे असं कुठंतरी ऐकून, मलाही भेटावं म्हणून, एसटीनं आलेला. धुतलेला पांढरा सदरा. छप्पन्नला धम्म घेतल्यावर त्यानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. गावानं दुकान, गिरणी, मजुरी सगळं बंद केलं, तरी त्यानं मान खाली घातली नव्हती. तो माणूस माझ्यासमोर उभा राहून हसला. म्हणाला, "जयभीम."

मालकानं माझ्याकडं पाहिलं. "तुह्या वळखीचा हाय का?"

"नाही," मी म्हणालो. आणि बापाला म्हणालो, "ए बुढ्या, मागं जाय. तुमची जागा तिकडं हाय."

बापाला सगळं कळलं. मी इथं कोण म्हणून राहतोय तेही. तो पडद्यामागं जायला निघाला.

मालक पोरांकडं वळून हसला. "पाहा, बुढा कसा गुमान गेला! शिका त्याच्यापासून."

पोरांचा ताव उतरला. एकजण बापाच्या पाठीवर थुंकल्यागत बोलला, "असल्या लाचारायनंच घात केला आपला." बापानं ते ऐकलं. मान वळवली नाही. पोरं सिनेमा न पाहता निघून गेली.

आत पडद्यावर नायक अस्पृश्य पोरीला विहिरीचं पाणी पाजू लागला आणि पुढं बसलेलं गाव टाळ्या पिटू लागलं. त्या टाळ्यांचा मला अजून संताप येतो. पण त्यांची तिकिटं मीच फाडली होती.

खेळ संपताच बाप गावाकडं परतला. घरी त्यानं हा विषय कधीच काढला नाही, मीही नाही. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती पोरं माझ्यासारखीच पन्नाशीला टेकली असतील. तो बुढा माझा बाप होता, आणि लाचार तो नव्हता, मी होतो, हे त्यांना दारव्ह्याला जाऊन सांगणं माझ्याकडं बाकी आहे.