शेठच्या चेहऱ्याची रांगोळी

रांगोळीचे पैसे मिळतात, हे आमच्या दापोडीच्या गल्लीत कुणाला पटवून दाखवा, मी जन्मभर तुमच्या दारात फुकट रांगोळी काढीन. सासूबाईंचं म्हणणं तर एकदम सरळ होतं. "दारात काढायची वस्तू ती. सकाळी काढायची, संध्याकाळी पुसायची. तिचे पैसे कोण देतंय? उद्या म्हणशील, तुळशीला पाणी घातलं, त्याचं बिल द्या."

मी मूळची परभणीकडची. लग्न होऊन इकडे आले. नवरा चाकणला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यात, आणि मी वाकडच्या एका इंग्रजी शाळेत हस्तकलेची बाई. हस्तकला म्हणजे काय, तर आयटीतल्या आईबापांना वेळ नाही म्हणून त्यांच्या मुलांचे थर्माकोलचे किल्ले आणि ज्वालामुखी मी करायचे, आणि मग त्यांनाच बक्षीसही मीच द्यायचे. माझा खरा हात बसलाय तो चेहऱ्यांवर. फोटो समोर ठेवा, मी जमिनीवर रांगोळीनं माणूस असा उतरवते की त्याच्या बायकोनं पदर सावरावा. असा हात असताना ज्वालामुखीत सोडा आणि व्हिनेगर ओतत बसायचं? एक दिवस डोकं फिरलं आणि दिला राजीनामा.

घरी अर्थातच रामायण झालं. शेवटी नवऱ्यानं तोडगा काढला. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जागा रिकामी ठेवते. तर दसऱ्यापर्यंत रांगोळीचं कायमचं, दर महिन्याचं काम मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर मुकाट्यानं शाळेत परत. तोवर तो ओव्हरटाइम करणार. सासूबाईंनी ते ऐकलं आणि शाळेचे दोन ड्रेस इस्त्री करून कपाटात पुढं लावून ठेवले.

मग सुरू झाली माझी कमाई. बारशाची रांगोळी काढली, ब्लाउजपीस मिळाला. डोहाळजेवणाची काढली, ब्लाउजपीस आणि नारळ. वाकडच्या एका सोसायटीत दिवसभर वाकून काढली, तर सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "आमच्या ग्रुपवर फोटो टाकू ना तुमचा! केवढी जाहिरात होईल!" झाली जाहिरात. दुसऱ्या सोसायटीनं बोलावलं आणि तिथंही ब्लाउजपीसच दिला. खणा-नारळानं ओटी भरून घ्यायला मला आवडतं हो, मी काही नास्तिक नाही. पण ब्लाउजपीस घेऊन एकदा किराणा दुकानात जाऊन बघा, किती किलो तूरडाळ मिळते ते.

नवरात्र सुरू झालं तरी कायमच्या कामाचा पत्ता नाही. सासूबाई येता-जाता त्या ड्रेसांवरची धूळ झटकत होत्या. आणि अशात चाकणजवळच्या निघोज्याच्या एका कंपनीच्या एचआर साहेबाचा फोन आला. नवऱ्याच्या कुणा मित्रानं माझा नंबर दिला होता.

कंपनी मध्यम, मोठ्या गाडीकंपनीला पत्र्याचे पार्ट पुरवणारी. शेठ गावातलेच, जुन्या घराण्यातले. साहेब म्हणाला, "मॅडम, खंडेनवमीला मशीनपूजा असते. तेव्हा शेठचा चेहरा काढायचा. त्यांना आवडला तर वर्षभराचं काम तुमचं. आमच्याकडे सारखे पाहुणे येतात." हे मला माहीत होतं. पाहुणा आला की दारात रांगोळी, ही चाकणकडे आता रीतच पडली आहे. माणूस जर्मनीचा असो की गुडगावचा, त्याला फेटा, गुच्छ आणि 'वेलकम' लिहिलेली रांगोळी दाखवल्याशिवाय त्याला पार्ट दाखवत नाहीत. म्हणजे हे खरंच दर महिन्याचं काम होतं. फोन ठेवला आणि मी देवाला साखर ठेवली.

खंडेनवमीला सकाळी मी डबे घेऊन हजर. मी म्हटलं, इथं ऑफिसच्या भिंतीकडेला काढते. साहेब हसला. "कोपऱ्यात कोण बघणार? मेन शटरच्या तोंडाशी, मधोमध काढा. आणि मोठा!" रांगोळी पायाखाली येईल, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण कामाची गरज मला होती, त्याला नव्हती. मधोमध तर मधोमध.

दुपारपर्यंत मी ओणवी. रांगोळी उडू नये म्हणून सगळे पंखे बंद केले होते, त्यामुळे कामगार घामानं भिजून मला मनातल्या मनात शिव्या घालत होते. पण चेहरा उतरला, काय सांगू! गव्हाळ रंग, डोळ्यांखालची छाया, आणि ती मिशी. मिशीवर तर माझंच प्रेम बसलं. शेठ आले आणि बघतच राहिले. त्यांच्या म्हातारीनं, सगळे तिला आईच म्हणायचे, वाकून रांगोळीवरून लांबूनच हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "माजं लेकरू! बोलंल आता," म्हणाली. मशीनना कुंकू लागलं, झेंडूच्या माळा लागल्या, नारळ फुटले, पेढे वाटले. एचआर साहेबानं मला लांबूनच अंगठा दाखवला. झालं, शाळा सुटली, असं मला वाटलं.

तेवढ्यात आतून फोर्कलिफ्ट आली. तिलाही माळ घातलेली, पुढच्या काट्यांवर पार्टच्या पेट्या. बाहेर ट्रक उभा होता आणि मोठ्या कंपनीला तो माल त्याच दिवशी हवा होता. सण असला तरी त्यांची गाड्या जोडायची लाइन चालू. फोर्कलिफ्ट शटरपाशी आली आणि थांबली. चालकानं खाली बघितलं. शेठ त्याच्याकडे बघत होते. जमिनीवरून.

"चल की," सुपरवायझर ओरडला.

"कसा चलू? शेठच्या तोंडावरून गाडी घालू? न्हाई राव. उद्या गेटवर मला कोण आत घेतंय?"

आता खरं सांगते, सकाळपासून शंभरेक माणसं तिथून गेली असतील. सगळ्यांनी फोटो काढले. माल कुठून जाणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही. मागच्या दाराशी नवीन मशीन पेटीसकट आडवं उभं होतं, त्यामुळे तो रस्ता बंद, आणि चेहऱ्याच्या कडेनं माणूस निघेल, फोर्कलिफ्ट नाही.

एचआर साहेब पुढं आला. "अरे, ते तोंड नाही, रांगोळी आहे ती."

"मग साहेब, तुमीच चाला की आदी," चालक म्हणाला. साहेबानं आपल्या पायाकडे बघितलं आणि दोन पावलं मागं सरकला.

मग झाडणाऱ्या मावशींना बोलावलं. त्यांनी हात कमरेवर ठेवले. "झाडूला आत्ताच हळदकुंकू वाहिलंय. आज झाडू हलत नसतो. आणि हलला, तरी शेठच्या मिशीवरनं नाही."

मोठ्या कंपनीचा फोन. "गाडी निघाली का?" सुपरवायझर म्हणाला, "निघाली, निघाली, गेटवर आहे." गेटवर मी होते आणि शेठचं नाक होतं.

गडबड ऐकून स्वतः शेठ आले. माणूस मनानं मोकळा. "हात्तिच्या! एवढंच ना? पुसा की," म्हणून त्यांनी पाय उचलला, तोच मागून आवाज आला.

"पाय मागं घे!" म्हातारी काठी टेकत येत होती. "जित्या माणसाचं तोंड सणासुदीला पुसत्यात व्हय? आमच्यात असलं कदी झालं न्हाई, आन् मी हाय तवर व्हनार बी न्हाई."

एवढ्या माणसांना कामाला लावणारा तो शेठ, त्यानं पाय गपकन मागं घेतला.

एचआर साहेबाला वाटलं, आपण आता हुशारी दाखवावी. "आई, पुसायचं नाही. मानानं गोळा करू, आणि नदीत विसर्जन..."

"माज्या लेकाला नदीत सोडतोस? जिभंला हाड न्हाई का तुज्या!"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच ट्रक अडवून बसले होते. साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, काहीतरी करा. नाहीतर वर्षाचं काम विसरा. माझंही." माझ्या डोळ्यांपुढे ते इस्त्रीचे ड्रेस आले. ज्वालामुखी आले. मग राग आला. मी म्हातारीला म्हटलं, "आई, पुसत नाही. बदलते. तुमचा लेक तिथं राहणारच नाही, मग तर झालं?" तिनं जरा विचार केला. "बदल," म्हणाली.

मी खाली बसले. सगळ्यात आधी मिशी. गव्हाळ रंगाची चिमूट तिच्यावर सोडताना जीव तुटला माझा. मिशी गेली, गाल जरा भरले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर आपले एचआर साहेब!"

चालकानं लगेच इंजिन चालू केलं.

"ए! बंद कर!" साहेब किंचाळला. "मॅडम, हे नको, हे बरोबर नाही." सगळे कामगार हसत होते. म्हातारीसुद्धा.

मी चेहऱ्याला चष्मा घातला. तर तो स्टोअरकीपर झाला आणि स्टोअरकीपर पुढं येऊन म्हणाला, "माझ्या बायकोला हे कळलं तर?" चष्मा काढला. मग डोक्यात विचार आला, बाईच करून टाकू, भानगड नको. केस मागं घेतले, कुंकू लावलं, नथ घातली. आणि माझ्या लक्षात यायच्या आत चालक सीटवरून खाली उतरून हात जोडून उभा राहिला. लेकाचं नाक आईवर गेलेलं. मिशी काढून नथ घातल्यावर दुसरं काय होणार? जमिनीवर साक्षात म्हातारी.

"अगं बया, मीच की!" म्हातारी खूश झाली. मग तिच्या लक्षात आलं, आता गाडी आपल्यावरून जाणार. तिनं काठी माझ्यावर रोखली.

मोठ्या कंपनीचा परत फोन. सुपरवायझरनं तो खिशात तसाच वाजू दिला.

मग मात्र मी कुणाकडे बघितलंच नाही. नथ काढली. नाक जरा बसकं केलं. कपाळ अरुंद केलं, कुंकवाच्या जागी टिकली, हनुवटीला खळी. फोटो लागला नाही. आयुष्यात कितीतरी चेहरे काढले असतील मी, नेते काढले, नवरदेव काढले, वर्षाची बाळं काढली. स्वतःचा कधी काढला नव्हता. त्याची ऑर्डर कोण देणार होतं? चेहरा चांगला आला. खोटं कशाला बोलू, माझ्या अंदाजापेक्षा सुंदर आला.

मी उठले. "हा माझा. घाला गाडी."

चालक गाडीवर चढला, हात गिअरला लावला आणि थांबला. "ताई, तुमी हितंच उभ्या हाव."

"मग?"

"मग कसं जमंल? समोर माणूस उभं आन् त्येच्या तोंडावरनं..."

मावशी म्हणाल्या, "सवाष्ण बाई आहे ती. नवमीच्या दिवशी?" म्हातारीनंही मान हलवली. आणि माझा ताबा सुटला. "अहो, कुणाच्या तरी तोंडावरून जावंच लागणार ना! सगळ्यांची तोंडं मोलाची, मग राहिलं कोण?"

पूजेसाठी पायातलं काढलेलंच होतं. मी पाऊल टाकलं, थेट कपाळावर. तळव्याखाली रांगोळी गार लागली. दुसरं पाऊल गालावर. मी थांबले नाही. पलीकडे गेले, वळले आणि पाय घासत परत आले. टिकली, खळी, डोळे, सगळं एक झालं. मागं राहिला तो नुसता रंग.

"आता?" मी म्हटलं. चालकानं मान खाली घालून गाडी काढली. चाकांना गव्हाळ रंग लागला, आणि ट्रक भरून गेला.

शेठनं तिथंच, सगळ्यांसमोर, वर्षभराचं काम मला दिलं. पुढं म्हणाले, "फक्त चेहरे नको, बरं का ताई. कमळ काढा, मोर काढा, वेलकम लिहा." मी हो म्हटलं. विचारसुद्धा केला नाही, लगेच हो म्हटलं. घरी आले तेव्हा सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत सांगून आल्या की सून कंपनीला लागली.

आता महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद झाला, ते ड्रेस नणंदेला गेले. मी बोलले तशी कमाई करून दाखवली, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. पाहुणे येतात, मी शटरशी कमळ काढते. तोच चालक माल घेऊन येतो, "ताई, बरं हाय का?" विचारतो, आणि चाक कमळाच्या बरोबर मधून नेतो. मी म्हणते, "बरंय, भाऊ." राग येत नाही असं नाही. येतो. एका दुपारी माझ्या चिमटीपुढं अख्खी कंपनी थांबली होती. आता ती थांबू नये, याचेच मला पैसे मिळतात.