हबीबभाईंची चाल

हबीबभाई चहा बशीत ओतून गार करायचे आणि पुन्हा कपात घेऊन प्यायचे. काढलेला स्क्रू कोणत्या भोकातला, ते कागदावर लिहून ठेवायचे. शटर ओढलं की कुलूप तीनदा हिसडायचे. डॉक्टरनं दिलेल्या गोळीसोबतचा बारीक अक्षरातला कागद पूर्ण वाचायचे आणि बहुतेक वेळा गोळी परत डबीत टाकायचे. आणि खेळताना, कळ दाबण्याआधी, दगडासारखे बसायचे. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा.

ही शेवटची सवय प्रेरणाला पाठ होती. मराठीत एम.ए. करून ती औरंगपुऱ्यातल्या हबीबभाईंच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात टायपिंग करायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते कोपऱ्यातलं जुनं यंत्र चालू करत. खेळात चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. अणुयुद्धात जग जळून गेलेलं, आणि पडक्या शहरातून एक माणूस अन्न शोधत फिरतोय. माणूस म्हणजे ईमेलमधलं @. बाकीची अक्षरं म्हणजे त्याला खायला टपलेली जनावरं. एकदा मेला की सगळं पुसलं जाई. हबीबभाईंचा माणूस सहा वर्षं जिवंत होता.

"सहा वर्षं? बाकीच्यांचे कसे मरतात मग?"

"घाई करतेत, मॅडम. इथं कळ दाबली तरच येळ पुढं सरकतो. नाय दाबली, तर समोरचा उंदीरबी हलत नाय. सोचने का पूरा टाइम."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते उंदरापेक्षा डेंजर. ते हलतंच."

त्या मंगळवारी तीनच्या सुमाराला @ एका बोळात उभा होता. दोन चौकटी पुढं एक अनोळखी अक्षर. हबीबभाईंचा हात कीबोर्डवर थांबलेला.

"काय, आज मुक्काम तिथंच का?" प्रेरणानं विचारलं.

त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. विचारात असताना बोललं की ते चिडत. मागच्याच महिन्यात चिडले होते. ती आपल्या कामाकडं वळली. प्रतिज्ञापत्राचं एक पान टाइप केलं. मग दुसरं.

पंखा बरोबर त्यांच्या डोक्यावर होता. तरी त्यांच्या हनुवटीवरून घामाचा थेंब कीबोर्डवर पडला.

तिनं नीट पाहिलं. पाठीला शर्ट चिकटलेला. ओठ राखेसारखे. डाव्या हातानं टेबलाची कड आवळून धरलेली.

"हबीबभाई?"

फक्त डोळे हलले.

"हात नको लावू," ते पुटपुटले. "हललो का ते पुढं येतंय."

ती ओरडतच रस्त्यावर धावली. शेजारच्या दुकानातल्या कारभारी नावाच्या माणसानं रिक्षा थांबवली. दोघांनी त्यांना उचलून आत बसवलं.

दवाखान्यात त्यांच्या पत्नी गजालाभाभी आल्या. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "छातीत दुखायला कधी लागलं? नक्की सांगा."

"तू तो वहीं थी ना, बेटा," गजालाभाभी म्हणाल्या.

प्रेरणानं मनात हिशेब केला. दोन पानं. एका पानाला बारा मिनिटं. 'आत्ताच' म्हणता आलं असतं.

"पंचवीस मिनिटं तरी," ती म्हणाली. "मी समोरच होते. मला वाटलं, विचार करतायत."

डॉक्टरनं लिहून घेतलं आणि तो आत गेला. गजालाभाभींनी तिच्याकडं पाहिलं. शेजारच्या खुर्चीवरची पर्स तेवढी उचलून मांडीवर घेतली. प्रेरणाला बसायचा धीर झाला नाही. दार उघडलं की ती पुढं व्हायची. सव्वासहाला ते पुन्हा उघडलं, आणि डॉक्टरनं मान खाली घातली.

पाचव्या दिवशी भाभींनी तिला दुकानाची किल्ली दिली. लोकांची यंत्रं ज्याची त्याला परत करायची होती.

खणात एक पत्र सापडलं. तो खेळ फुकट वाटलेला होता, आणि फुकटातला भाग एका फाटकापाशी संपत होता. पुढचा हवा असेल तर तो बनवणाऱ्या परदेशातल्या माणसाला लिहायचं. हबीबभाईंनी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, खाडाखोड करत. सर, मी फाटकापर्यंत पोचलो आहे. पुढचा भाग हवा आहे. पण हा पत्ता तीस वर्षांपूर्वीचा आहे, म्हणून आधी विचारतो की तिथे

वाक्य तिथंच तुटलं होतं. खाली पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं, 'मॅडमकडून तपासून घेणे.'