मालिकेत नसलेली किल्लीवाली

ती मालिका आली तेव्हा आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत परचेसला आहे. मिठाच्या डोंगरावरचं राज्य, आंधळी राणी, पंख असलेले लांडगे, चार जाडजूड कादंबऱ्यांवरून केलेली आणि पाण्यासारखा पैसा ओतलेली मालिका. माणसं हातात ताट घेऊन उभ्या उभ्या भांडत होती. एकाला लांडग्यांचे पंख प्लास्टिकचे वाटले. एकीला राणीचा झगा नुकताच इस्त्री करून आणल्यासारखा वाटला. आमच्या साहेबांचं म्हणणं पडलं की पुस्तकाची पार वाट लावली आहे, आणि पुस्तक त्यांनी उघडूनही पाहिलेलं नव्हतं. मी खाली मान घालून जेवत होते. मला त्या मालिकेकडून एवढंच हवं होतं, की ती बघून माझ्या वडिलांनी तोंड उघडावं.

पप्पांना झटका आला आणि त्यांचं बोलणं गेलं. पाय सावरला, हातही थोडाफार सावरला, शब्द काही परत आले नाहीत. एकच राहिला. चहा घेता? बरं. पाय दुखतोय? बरं. आईची आठवण येते का? बरं. डॉक्टरबाईंनी मला समजावलं, की ते हा शब्द ठरवून बोलत नाहीत, बोलायला गेलं की तोंडात तेवढा एकच येतो. आई तोवर गेलेली होती, म्हणून मी त्यांना मोशीला माझ्या फ्लॅटवर आणलं. खरं सांगायचं तर आधीही घरात ते यापेक्षा फार जास्त बोलत होते असं नाही. शिफ्टवरून यायचे, जेवायचे, पेपर तोंडासमोर धरायचे. या माणसाशी संसार म्हणजे भिंतीशी गप्पा, असं आई म्हणायची, आणि ती गमतीने म्हणत नसे.

म्हणून दवाखान्यात भेटायला आलेले दोन म्हातारे जेव्हा म्हणाले, "आता पुढची गोष्ट कोण सांगणार?", तेव्हा मला वाटलं हे चुकून दुसऱ्याच पेशंटकडे आलेत.

दोघेही पप्पांच्या कंपनीच्या बसमधले. एक त्यांच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसणारे, चाकणजवळच्याच गावचे. त्यांना मी मनात खिडकीवाले काका म्हणायला लागले. दुसरे ती बस चालवणारे, मराठवाड्यातून आलेले ड्रायव्हर काका. पप्पांचं डिपार्टमेंट आकुर्डीहून चाकणला हलवलं आणि चिंचवडहून रोज बसचा प्रवास सुरू झाला, तेव्हा पप्पा कामगार वाचनालयातून आणलेलं एक मराठी भाषांतर वाचत होते. तीच ती मिठाच्या डोंगराची कादंबरी. मागून कुणीतरी विचारलं, काय वाचता? त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मग रिटायर होईपर्यंत सांगत राहिले. गोष्ट ऐन भरात असली की ड्रायव्हर काका गाडी मुद्दाम हळू घ्यायचे. "मागून हॉर्न वाजवायले लोकं, मी मनलं वाजवा," असं त्यांनी मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. आमच्या घरातली भिंत वर्षानुवर्षं बसमध्ये बोलत होती, आणि मी तिची मुलगी असून मला त्यातलं एक वाक्य मिळालं नव्हतं. मला फार राग आला. आजारी माणसावर काढता येत नाही, म्हणून तो तसाच राहिला.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, त्यांच्या आवडीचं काही दाखवत चला, ऐकवत चला, कुठून काय हलेल सांगता येत नाही. मालिकेची जाहिरात बघितल्याबरोबर मी काकांना फोन केला. दर आठवड्याला नवा भाग यायचा आणि रविवारी सकाळी दोघे माझ्या हॉलमध्ये यायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्या खुर्च्यांची जागा बदलली. पप्पांची पुढे, तिच्यामागे खिडकीवाल्या काकांची, आणि ड्रायव्हर काका पुढे उजवीकडे थोडे तिरके. बसमध्ये आरशातून पप्पांचा चेहरा दिसायचा, तसा तो इथूनही दिसायला हवा होता. मालिका चालू झाली की ते पडद्याकडे कमी आणि पप्पांकडे जास्त बघायचे. मीही तेच करत होते. लांडगे उडत होते, डोंगर हादरत होता, आणि आम्ही तिघं एका माणसाच्या ओठांकडे टक लावून बसलो होतो.

पप्पा बघायचे. झोपायचे नाहीत, मान वळवायचे नाहीत. भाग संपल्यावर मी विचारायचे, आवडलं का पप्पा? बरं.

काकांना मात्र मालिका अजिबात आवडेना, आणि त्याचं कारण कॅन्टीनमध्ये मी एकदाही ऐकलं नव्हतं. ते किल्लीवालीची वाट बघत होते. महालाच्या प्रत्येक कुलपाची किल्ली जिच्या हातची, पण जिला वेशीच्या आत पाय ठेवायची परवानगी नाही, अशी ती बाई. दाराबाहेर बसून किल्ल्या घासते. आतले लोक किल्ली तिच्या हातातून घेत नाहीत, दगडावर ठेवायला लावतात. पप्पांच्या गोष्टीत म्हणे राणीपेक्षा तीच जास्त असायची. ती मालिकेत आज येईल, उद्या येईल करता करता निम्मी मालिका सरली, तेव्हा खिडकीवाले काका म्हणाले, "ह्यांनी तिला काढूनच टाकली की. राणी ठेवली, लांडगं ठेवलं आन् हिलाच काढली."

मग त्यांनी जे केलं ते जगातल्या दुसऱ्या कुठल्या प्रेक्षकांनी केलं नसेल. ड्रायव्हर काकांनी बसमधल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर हाक दिली आणि आकुर्डी-चिंचवडचे रिटायर कामगार मालिकेच्या ट्रेलरखाली एकामागून एक लिहायला लागले. किल्लीवाली कुठे आहे? किल्लीवालीला परत आणा. तिला काढून तुम्ही गोष्टीचा जीव काढलात. खाली तरुण पोरांची उत्तरं. कोण किल्लीवाली? काका, चुकीची मालिका बघताय. आधी पुस्तक वाचा. हसून रडणारे पिवळे चेहरे. ड्रायव्हर काका प्रत्येकाला शांतपणे एकच उत्तर देत होते: आम्ही रोज ऐकले आहे.

मी त्या कादंबरीचे चारही भाग मिळवले आणि कामावर जाता-येता वाचले. किल्लीवाली सापडली की पप्पांना ती पानं मोठ्याने वाचून दाखवायची, असं माझ्या मनात होतं. मालिकेने नाही तर पुस्तकाने तरी काही हलेल. पहिल्या भागात ती नव्हती. दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्यात महालाचं एक दार रात्रीतून उघडं सापडतं आणि ते कुणी उघडलं हे लेखक सांगतच नाही, पुढे निघून जातो. चौथा भाग संपला तेव्हा आमची बस मोशीच्या चौकात अडकून उभी होती, आणि मला सगळं कळलं. पुस्तक संपलं होतं, ट्रॅफिक संपत नव्हतं. चाकणचा रस्ता वर्षागणिक जास्त तुंबत गेला आणि पप्पा गोष्ट वाढवत गेले. त्या उघड्या दारापाशी त्यांनी एक बाई आणून बसवली.

ती त्यांना कुठून सुचली हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पप्पांचं लहानपण गावकुसाबाहेरच्या वस्तीत गेलं. त्याबद्दल ते आमच्याशी कधीच काही बोलले नाहीत, मी विचारलं तरीही नाही. बसमध्ये मात्र सगळ्या जातींच्या, सगळ्या गावांच्या माणसांना ते रोज तेच सांगत होते, आणि माणसं ड्युटी संपवून थकलेल्या अंगाने ऐकत होती. हे सगळं मला कळलं तेव्हा विचारायला कुणी उरलेलं नव्हतं. पप्पा घरी होते, पण विचारायला कुणी नव्हतं. त्यांनी यातली एकही ओळ कुठे लिहून ठेवलेली नाही. मी सगळं घर उलथंपालथं करून बघितलं आहे.

शेवटच्या भागाच्या रविवारी मी काकांना सांगून टाकलं. "ती पुस्तकात नाहीये. पप्पांनी केलेली आहे ती."

"न्हाई म्हंजे?" खिडकीवाले काका म्हणाले. "आमी रोज ऐकलीय तिला." मग त्यांनी पप्पांच्या पाठीकडे बघितलं. "आमच्यासाठी केली व्हय," असं काहीतरी पुटपुटले आणि चष्मा पुसायला लागले.

ड्रायव्हर काकांचा चेहरा उतरला. लोकांशी इतकं भांडले होते ते. "म्हणजे ती पोरं खरं बोलायली होती," ते म्हणाले. मी म्हटलं, कमेंट काढून टाका हवं तर. ते म्हणाले, "राहू द्या. लिहिलेली तेवढीच आहे ती जगात."

शेवटचा भाग आम्ही बघितला. डोंगर विरघळला, राणी मेली, महाल कोसळला. खूप खर्च केला होता, दिसतच होतं. पडद्यावर नावं सरकायला लागली आणि मी टीव्ही बंद केला. तेव्हा काकांकडून मला कळलं की पप्पांची गोष्टही पूर्ण झालेली नव्हती. रिटायर व्हायच्या दिवशी त्यांनी ती अशा ठिकाणी सोडली होती, की किल्लीवालीने स्वतःसाठी एक किल्ली केलेली आहे आणि ती दारासमोर उभी आहे. बाकीचं भेटल्यावर, असं म्हणून ते बसमधून उतरले. नंतर दोघे त्यांना लग्नकार्यात भेटलेही, पण भर मांडवात म्हाताऱ्या माणसांनी गोष्ट कशी मागायची, म्हणून लाजून गप्प बसले.

त्या दिवशी खिडकीवाल्या काकांनी मागितली. खुर्ची ओढत पप्पांच्या समोर आले आणि त्यांचा चांगला हात हातात घेतला.

"गड्या, गेली का रं ती आत?"

"बरं," पप्पा म्हणाले.

काकांचा चेहरा उजळला. मला तो बघवेना. ते पुन्हा पप्पांकडे वाकले, खात्री करून घ्यायला, आणि मी त्यांना थांबवायला हवं होतं.

"का भायेरच ऱ्हायली?"

"बरं."

काकांनी हात हळूच सोडला. दोघांनी चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, आणि पुढच्या रविवारी येतो म्हणाले. पुढच्या रविवारी बघायला काही नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

ते गेल्यावर मी खुर्च्या जागेवर लावायला घेतल्या. पप्पांची तशीच राहू दिली, ते तीत बसलेले होते. मग कपबश्या आत नेऊन ठेवल्या आणि येऊन एक खुर्ची पुन्हा त्यांच्या मागे ओढून तिच्यावर बसले. इथून त्यांचा कान दिसत होता आणि मानेवरचे पांढरे केस. एवढी वर्षं लोकांनी त्यांना इथूनच ऐकलं होतं.

"पप्पा," मी म्हटलं, "मला पहिल्यापासून सांगा."

"बरं," ते म्हणाले, आणि मी वाट बघत बसले.